दात पडलेल्या चाकांची गोष्ट

(रौप्यमहोत्सवानिमित्त ‘आपल्यातलेच कारागीर’ या कार्यक्रमात संस्थेच्या सभागृहात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातली भाषा तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘प्लॅस्टिक उद्योजक’ असं छापलंय. ते वाचून माझ्या मेहुण्याचा नाशिकहून फोन आला, कारखाना कधी काढलास म्हणून. तर पहिला खुलासा असा, की ए-३ च्या ड्राय बाल्कनीत, जिथे इतर घरांत वॉशिंग मशीन असतं, तिथे माझं एक लहानसं लेथ मशीन आहे. वॉशिंग मशीन बाथरूममध्ये गेलंय. त्यावर सौभाग्यवतींनी जे भाषण केलं ते या स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. त्या लेथवर मी प्लॅस्टिकचे गिअर करतो. दातेरी चाकं. एका वेळी एक. उद्योग म्हणायचा तर एवढाच.

मी चौतीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये काढली. आधी टर्नर, मग मिलिंग, शेवटी इन्स्पेक्शन. टूलरूमच्या माणसाला एक खोड लागते. ढिली वस्तू त्याला बघवत नाही. बिजागरी खडखडली तरी हात शिवशिवतात. ही खोड लक्षात ठेवा, पुढे तिचाच सगळा घोळ आहे.

निवृत्त झालो तेव्हा भोसरीत एक छोटं वर्कशॉप बंद होत होतं, तिथून हे लेथ उचललं. चाळीसेक किलोचं असेल. रिक्षात मावलं, पण रिक्षावाला हबकला. गंमत म्हणजे या लेथच्या पोटातले गिअर प्लॅस्टिकचेच आहेत. मी तेव्हा नाक मुरडलं होतं. डिव्हायडिंग हेड, म्हणजे चाकाचे सारखे भाग पाडायचं यंत्र, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात एका रविवारी मिळालं. विकणाऱ्याला ते काय आहे हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, पण मी चेहरा तसा ठेवला नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बी-९ च्या आजोबांचा टेबल फॅन. वारा येत होता, पण मान फिरत नव्हती. नव्या पंख्यांचा तो गिअर बुधवार पेठेत सहज मिळतो, पण हा पंखा आजोबांच्या लग्नातला. मान फिरवणारं चाक एका ‘वर्म’वर चालतं. वर्म म्हणजे दांड्यावर पाडलेले स्क्रूसारखे आटे. मोजलं तर आटे दीड मिलिमीटरच्या अंतराचे निघाले. म्हणजे दहा एमएमच्या साध्या बोल्टला असतात तेवढेच! मग जुगाड केला. आटे पाडायची दहा एमएमची टॅप लेथमध्ये धरून फिरवली, आणि समोर एका खिळ्यावर मोकळी फिरेल अशी प्लॅस्टिकची चकती हळूहळू तिला भिडवली. टॅप चकतीला फिरवत जाते आणि फिरवता फिरवता दाते कापत जाते. आधी कानशीने बारीक खुणा करून ठेवाव्या लागतात, नाहीतर दाते एकमेकांवर चढतात. तिसऱ्या चकतीला जमलं. आजोबांनी पंखा लावला, मान डावीकडून उजवीकडे गेली, परत आली, आणि आजोबा म्हणाले, “आता वारा हिच्याकडेही जाईल.” आजी शेजारच्या खाटेवर होत्या.

तिथून नाव झालं. मग प्रिंटर आले, खेळण्यातल्या गाड्या आल्या, कागद फाडायचं मशीन आलं. कुणी नुसता डबा घेऊन यायचं, डब्यात दात्यांचा चुरा.

मुलं विचारतात, काका, गिअर मुळात प्लॅस्टिकचा कशाला करायचा? याचं उत्तर कारखान्याच्या दृष्टीने सोपं आहे. साचा एकदा केला की लाखो निघतात, कापावं लागत नाही, आवाज करत नाहीत, हलक्या कामात तेल मागत नाहीत. नायलॉन सापडलं १९३५ साली, अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत, वॉलेस कॅरोदर्स या रसायनतज्ज्ञाच्या हाताखाली. त्याचा बाजारात आलेला पहिला माल कुठला, तर टूथब्रशचे केस, १९३८ साली. म्हणजे आधी त्याने दात घासले आणि मग तो स्वतःच दात झाला. दुसरं प्लॅस्टिक म्हणजे ॲसिटल. त्याच कंपनीने १९६० च्या सुमारास ते डेलरिन या नावाने आणलं, आणि आपल्याकडचे दुकानदार आजही कुठल्याही कंपनीच्या ॲसिटलला डेलरिनच म्हणतात. दोन्हीचे गोल दांडे वजनावर मिळतात. दोन्ही पांढरे. दुकानातला पोऱ्या कधी कधी एकाच्या जागी दुसरं देतो.

ओळखायचं कसं? पुस्तकात जाळून बघायला सांगतात. घरात ते अजिबात करू नका. डेलरिन जळताना फॉर्माल्डिहाइड सुटतं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि त्याची ज्योत उजेडात धड दिसतही नाही. त्यापेक्षा स्वयंपाकघरात जा. ग्लासभर पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत टाका आणि प्लॅस्टिकचा कपचा त्यात सोडा. नायलॉन तरंगतं, डेलरिन बुडतं. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, म्हणून मीठ. आमच्या घरात मिठाचा डबा कुठे आहे हे मला माहीत झालं ते या निमित्ताने.

आता गेटकडे येतो. त्यासाठीच मी आज उभा राहिलोय.

आपलं सरकतं गेट मोटरवर चालतं. त्याच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या टप्प्याला एक नायलॉनचं चाक होतं. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ते गेलं. मोटर घूंऽऽ करायची, गेट जागचं हलायचं नाही. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, चाक सुटं मिळत नाही, आख्खा गिअरबॉक्स घ्या. त्याने सांगितलेला आकडा ऐकून कमिटी दोन मिनिटं गप्प बसली. आपली कमिटी दोन मिनिटं गप्प बसते यावरून आकड्याची कल्पना यावी. मी म्हणालो, मी करतो.

तुटलेल्या चाकावरून नवं कसं करायचं ते सांगतो, कारण पुष्कळांना वाटतं ही काहीतरी जादू आहे. आधी दाते मोजायचे. पडलेले दातेसुद्धा मोजायचे, त्यांची मुळं दिसतात. आपल्या चाकाला ३४ निघाले. मग बाहेरचा व्यास, जिथे दाते शाबूत आहेत तिथे. तो आला ७१.७ मिलिमीटर. दात्यांच्या संख्येत दोन मिळवायचे, ३६, आणि व्यासाला त्याने भागायचं. आलं १.९९. झीज धरली तर २. या आकड्याला मोड्यूल म्हणतात. दाता केवढा जाड, केवढा उंच, हे सगळं या एका आकड्यात येतं. मोड्यूल २ म्हणजे दात्याची खोली साडेचार मिलिमीटर. भागाकार दीड, दोन असा सरळ न येता १.०५८ असा विचित्र आला, तर समजायचं की यंत्र इंचाच्या हिशेबात केलेलं आहे. मग कपाटातली दुसरी कटर काढायची.

कटरही एक चालत नाही. दाते कमी असतील तर दात्याची बाजू जास्त गोलसर, दाते जास्त असतील तर सपाट. म्हणून एका मोड्यूलला आठ कटरांचा संच असतो. २६ ते ३४ दात्यांना एक कटर. आपलं चाक अगदी काठावर बसलं. संच महाग असतो, मी आठांपैकी तीनच जमवल्यात. नसेल ती कटर चांगल्या दात्यांमधल्या खाचेवर धरून, हाताने घासून बनवतो. एकाच दात्याची. पोलादाला वेळ लागतो पण प्लॅस्टिकला ती पुरते.

मग भाग पाडणं. डिव्हायडिंग हेडचं हँडल ४० वेळा फिरवलं की चाक एकदा फिरतं. ३४ दाते हवे असतील तर ४० भागिले ३४, म्हणजे एक फेरा आणि वर सतरा भागांतले तीन. त्यासाठी १७ भोकांची तबकडी असते. एक फेरा, तीन भोकं, खाच काप. एक फेरा, तीन भोकं, खाच काप. असं ३४ वेळा. पण तीन भोकं मोजताना ज्या भोकात आत्ता पिन आहे ते मोजायचं नाही. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने पहिल्या चकतीला ते मोजलं. प्रत्येक वेळी एक भोक कमी. कापत कापत आलो आणि शेवटी उरला एक भला मोठा जाडजूड दात. दात कसला, दाढ! ती चकती मी टाकली नाही. आमच्या घरी तिच्यावर गरम पातेलं ठेवतात.

दुसरी चकती बरोबर आली. नायलॉनचीच घेतली होती, जुनी नायलॉनची होती म्हणून. बसवली. जुन्या चाकात आणि समोरच्या लोखंडी चाकात थोडी मोकळीक होती, हाताने हलवलं की किंचित खुडुक व्हायचं. मला ते कसं सहन व्हावं? मी खोली बेताची ठेवली, दाते गच्च बसवले. खुडुक बंद. महिना मेचा. गेट असं सरकायला लागलं जणू लोण्यावरून. कमिटीने टाळ्या वाजवल्या.

जुलैत गेट कण्हायला लागलं. मोटर गरम. गिअरबॉक्स उघडला तर दात्यांच्या बाजू घासून पिठासारखी पांढरी भुकटी पडलेली आणि दोन दाते मुळात चिरलेले. झालं होतं असं, की नायलॉन पाणी पितं. अक्षरशः पितं. पावसाळी हवेतला ओलावा आत घेतं आणि फुगतं. ७२ मिलिमीटरच्या चाकात पाव-अर्धा मिलिमीटर सहज. मेमधल्या कोरड्या हवेत गच्च बसलेलं चाक जुलैत जाणार कुठे? मूळ चाकात जी खुडुक होती ती ढिलाई नव्हती. पावसाळ्यासाठी राखलेली जागा होती. ते मला तेव्हा कळायला हवं होतं. मला कळलं ते भलतंच. मला कळलं की प्लॅस्टिक कुचकामी आहे.

मी पेटलो. पितळेची चकती आणली. अठरा मिलिमीटर जाड. लहान लेथवर पितळेत मोड्यूल २ चे दाते कापणं म्हणजे म्हशीने बैलगाडी ओढल्यासारखं, एकेक खाच तीन फेऱ्यांत घेतली. बी विंगमधून दुपारच्या आवाजाबद्दल तक्रारअर्ज आला तो त्याच आठवड्यातला. तो अर्ज रास्त होता, आणि तेव्हापासून दोन ते चार मशीन बंद असतं. असो. पाच दिवसांनी जे चाक झालं ते काय सांगू! सोन्यासारखं. बसवण्याआधी मी ते तीन-चार जणांना बोलावून दाखवलं. म्हणालो, हे आता आपली सोसायटी पडेल पण पडायचं नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेत कमिटीने मला शाल-श्रीफळ दिलं. त्याचा फोटो नोटीस बोर्डावर बरेच दिवस होता.

नोव्हेंबरमधली गोष्ट. संध्याकाळचे साडेसहा-सात. मुलं खाली खेळत होती. डी विंगमधल्या एका छोट्याची तीनचाकी सायकल गेटच्या रुळाच्या कडेला उभी होती. पोरगा सायकल सोडून आजीकडे पाणी प्यायला गेला होता. दहा पावलांवर. एक गाडी आत आली, वॉचमन काकांनी बटण दाबलं, गेट बंद होऊ लागलं. गेट सायकलला टेकलं. थांबायला हवं होतं. थांबलं नाही. सायकल खांबापर्यंत ढकलत नेली आणि खांबाला लावून चेपली. मी बाल्कनीत होतो, मला आवाज ऐकू आला. नुसता पत्रा आणि प्लॅस्टिक चेपल्याचा आवाज, पण ती कुणाची सायकल आहे आणि तो कुठे आहे हे कळेपर्यंत जे आठ-दहा सेकंद गेले, ते मी अजून विसरलेलो नाही.

पोरगा हातात पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याला काही झालं नव्हतं. सायकलचं पुढचं चाक भाकरीसारखं चपटं झालं होतं.

त्या रात्री सगळे वॉचमन काकांवर तुटून पडले. बघून बटण दाबता येत नाही का, फोनवर असतील, म्हातारे झाले, बदला त्यांना. एजन्सीला पत्र लिहायचं ठरलं. काका काही बोलले नाहीत. नांदेडकडचा माणूस, मुलीचं लग्न तोंडावर.

मी रात्री अकराला टॉर्च आणि पाना घेऊन गेटपाशी गेलो. गिअरबॉक्स उघडला. पितळी चाक जसंच्या तसं, ओरखडा नाही. मोटरच्या खालचे दोन बोल्ट मात्र वाकले होते. मग कंट्रोलचा डबा उघडला. त्यात बळ कमी-जास्त करायचं एक बारीक बटण असतं. अडथळा आला की मोटरने किती जोर लावून थांबायचं, ते त्यावर ठरतं. ते बटण शेवटपर्यंत पिळलेलं होतं. कधीतरी पावसाळ्यात रुळात चिखल साचून गेट अडायचं, तेव्हा कुणीतरी ते पिळून ठेवलं असणार आणि परत फिरवायचं राहिलं.

तिथेच कट्ट्यावर बसलो. हिशेब जुळत गेला. मोटर गेली कित्येक वर्षं आंधळ्यासारखी जोर लावत होती. दर वेळी दगड आला, चिखल आला, की तो जोर नायलॉनच्या दात्यांनी अंगावर घेतला. दाते झिजत होते, शेवटी तुटले, आणि तुटले म्हणून गेट थांबलं. घरातला फ्यूज जसा आधी जातो तसा. दुरुस्तीवाल्याला, कमिटीला, मला, कुणालाच प्रश्न पडला नाही की हे दाते तुटताहेत कशाने. मी काय केलं, तर फ्यूजच्या जागी जाड तार बसवली. वर शाल घेतली.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, नाहीतर तुम्ही चुकीचं घेऊन घरी जाल. पितळी किंवा ब्राँझचं चाक असलेली गेटची यंत्रं असतात आणि ती चांगली असतात, पण त्यांचं बाकी सगळं त्या हिशेबाने जुळवलेलं असतं. आणि नायलॉनचं चाक असलं म्हणजे मूल सुरक्षित, असंही मुळीच नाही. दाता तुटायला जेवढा जोर लागतो तेवढ्यात लहान मुलाचं हाड जाईल. अडथळा ओळखायचं काम बळाच्या बटणाचं आणि सेन्सरचं आहे, गिअरचं नाही. माझी चूक ही की दुसऱ्याच्या यंत्रातला एकच भाग मी ताकदवान केला आणि तो जोर आता पुढे कुठे जाणार, हे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कमिटीची मीटिंग होती. खरं सांगतो, जिन्यात मी दोनदा थांबलो. गिअरचा विषय कुणाच्या डोक्यातही नव्हता. मी नसतं बोललो तर कुणाला कधी कळलं नसतं. पण वॉचमन काका दाराबाहेर स्टुलावर बसले होते, बोलावण्याची वाट बघत. आत जाऊन मी पितळी चाक टेबलावर ठेवलं आणि वर जे सांगितलं ते सगळं सांगितलं. एक सभासद म्हणाले, “तरी त्यांनी बघायला नको?” मी म्हणालो, केबिनमधून तो कोपरा दिसतच नाही, चला दाखवतो. पाच जण खाली जाऊन केबिनमध्ये बसून आले. पत्र गेलं नाही. काका त्यानंतरही आपल्याकडेच होते, गावी परत जाईपर्यंत. सायकल मी नवी आणून दिली. त्या छोट्याला जुनीच हवी होती, त्यावरून तो रडला.

शाल परत करायला काढली होती. पण तोवर ती माझ्याच हाताने लेथवर टाकून तेलकट झालेली होती, त्यामुळे राहिली.

त्यानंतर केलेलं चाक डेलरिनचं. तेच आज गेटमध्ये आहे. डेलरिन पाणी जवळजवळ पीत नाही, हजारात दोन-अडीच भाग, बस. पण उन्हाने वाढतं. पोलादाच्या जवळपास नऊपट. डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत ३० अंशांचा फरक धरा, तर या चाकाचा व्यास ०.२ मिलिमीटरच्या आसपास बदलतो. म्हणून या वेळी खाच थोडी खोल घेतली. बसवताना दोन्ही चाकांच्या दात्यांत वहीच्या कागदाच्या दोन घड्या धरल्या, मग बोल्ट आवळले, मग कागद ओढून काढला. तेवढी जागा ठेवली. गेट सुरू होताना किंचित खुडुक होतं. तुम्हाला ऐकू येत नसेल. मला येतं, आणि मी पाना हातात घेत नाही.

कापायलाही डेलरिन गोड. हत्यार धारदार हवं, इतकं की नखावर टेकवलं तर घसरू नये. बोथट झालं की ते कापत नाही, घासतं, घासलं की तापतं, आणि तापलं की चकती फुगून मापं खोटी येतात. गार झाल्यावर पाहावं तर कमी भरते. नायलॉनची साल तर शेवयांसारखी निघून चकभोवती गुंडाळते. मशीन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही, हे मी मुलांकडून रोज वदवून घेतो. चकमध्येही फार आवळायचं नाही. आवळून गोल भोक पाडलं की सोडल्यावर ते त्रिकोणी होतं. मधल्या भोकात मी पोलादी बुश बसवतो आणि चावीची खाच त्या बुशमध्ये कापतो, कारण नुसत्या प्लॅस्टिकमध्ये कापलेल्या चावीच्या कोपऱ्यातून चीर जाते. प्रिंटरमधले बहुतेक गिअर असेच जातात. धातूच्या दांड्यावर घट्ट दाबून बसवलेले असतात, वर्षानुवर्षं ताण सोसतात, आणि एक दिवस दोन दात्यांच्या मधोमध केसाएवढी चीर पडते. मग तेवढा एक दाता पुढे येताना टक होतं. प्रिंटर टक-टक करू लागला की दर फेऱ्याला एकदा होतं का, ते ऐका.

गेटचं बळाचं बटण आता कमी केलंय, इतकं की मी तळहात लावून गेट थांबवू शकतो. दर पहिल्या रविवारी मी ते लावून बघतो, माझा वॉकही होतो. दोन्ही खांबांवर सेन्सर बसवले, ते काम माहितगाराकडूनच करून घेतलं. आणि रूळ रोज झाडला जातो. या सगळ्यानंतर गिअर तुटायचं काही कारणच उरलेलं नाही म्हणा.

अलीकडे ई विंगमधली एक इंजिनीअर मुलगी तिच्या थ्रीडी प्रिंटरवर गिअर छापते. आमची स्पर्धा चालते. तिचं पहिलं चाक अर्ध्या तासात तयार, माझं दोन दिवसांत. तिने ते हौसेने गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं, मेमध्ये, उन्हात. संध्याकाळी त्याची जिलबी झालेली. ते प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपासच मऊ पडतं. पण दात्याची वळणदार बाजू ती कॉम्प्युटरवर इतकी अचूक काढते की मी कटर घासताना आता तिचा नकाशा समोर ठेवतो. आधी ती छापून देते, आम्ही ते जुळतं का बघतो, मग मी डेलरिनमध्ये कापतो. शनिवारी दुपारी चारनंतर मुलं येतात, त्यांतली दोघं आता डिव्हायडिंग हेड न चुकता मोजतात. चपट्या सायकलचा मालक त्यांतलाच एक. तो आता सातवीत आहे.

थोड्या विनंत्या करतो आणि थांबतो, वडे गार होताहेत. गिअर तुटला तर सगळे तुकडे आणा, चुरासुद्धा. दाते मोजता आले पाहिजेत. झटपट चिकटणाऱ्या डिंकाने जोडून आणू नका, नायलॉन-डेलरिनला तो धरत नाही आणि माझी मापं मात्र बिघडतात. समोरच्या चाकासकट आणा, एकटं चाक काही सांगत नाही. पैसे विचारू नका, दांड्याचा तुकडा लागला तर तेवढे द्या. दोन ते चार बेल वाजवू नका.

गेटचे दोन जादा गिअर मी करून ठेवलेत. मीटर रूममध्ये, दाराच्या मागे, खिळ्याला टांगलेत. त्यांना चिठ्ठी बांधली आहे, तिच्यावर मोड्यूल, दाते, तारीख आणि ‘आधी बळाचं बटण तपासा’ असं लिहिलंय. तिसऱ्या खिळ्याला पितळी चाक आहे. ते तिथून कुणी काढू नये. किल्ली सेक्रेटरी साहेबांकडे.